रोल-प्लेइंग खेळांसाठी ग्रंथालयात एक टेबल हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या हातातला मोबाइल आणि त्यापायी घराघरांत आटत चाललेले बोलणे हा विषय आपल्या वाचकपत्रांत सतत येतो आणि बहुतेक पत्रे 'पालकांनी मोबाइल काढून घ्यावा' या सूचनेपाशी थांबतात. सूचना योग्यच आहे. पण मोबाइल काढून घेतल्यावर मुंबईतल्या दोन खोल्यांच्या घरात पंधरा वर्षांच्या मुलाने संध्याकाळी करायचे काय, हे फारसे कोणी सांगत नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याची प्रथा सुरू केली, तेव्हा त्या भोंग्याचे राज्यभर कौतुक झाले. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास-वाचन करावे आणि मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे, हेही गावाने ठरवले होते, आणि माझ्या मते उपक्रमाचे मर्म तिथे आहे. बंदीने वेळ मोकळा होतो, पण तो आपोआप भरत नाही. तो कशाने भरता येईल याचे एक उत्तर मला सापडले आहे आणि ते अनेक घरांत रुजताना मी पाहिले आहे, म्हणून हे सविस्तर पत्र लिहिते आहे. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन, एका टेबलाभोवती बसून खेळायचे रोल-प्लेइंग खेळ हे ते उत्तर.

मी दादरच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत गणित शिकवते आणि गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी, लालबागला एका सहकाऱ्यांच्या घरी, असा खेळ चालवते. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप आधी सांगते. चार ते सहा जण टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसतात. त्यांतला एक जण खेळ चालवतो. त्याला गेम मास्टर म्हणतात आणि या प्रकारातल्या सर्वांत प्रसिद्ध अशा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात डंजन मास्टर, किंवा नुसतेच डीएम. जागा कोणती, वेळ कोणती, समोर कोण उभे आहे आणि अडचण काय आहे, हे तो सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. त्या पात्राचे बळ, चपळाई, बुद्धी, बोलण्यातली हुशारी, जवळचे सामान असे सगळे एका कागदावर मांडलेले असते. तो कागद म्हणजे कॅरेक्टर शीट. आपले पात्र काय करते ते खेळाडूने तोंडाने सांगायचे. साधी गोष्ट असेल तर ती होऊन जाते. जमेल की नाही अशी शंका असेल तर फासा टाकायचा आणि पडलेल्या आकड्याप्रमाणे गोष्ट पुढे न्यायची. एका बैठकीत संपणाऱ्या गोष्टीला वन-शॉट म्हणतात, महिनोन्महिने चालणाऱ्या गोष्टीला कॅम्पेन. जिंकणे-हरणे असे यात नाही. सगळे मिळून एकच गोष्ट रचत असतात. एक बैठक साधारण तीन तास चालते आणि त्या तीन तासांत मोबाइलची गरज कुठेही पडत नाही.

परदेशी कथांमधले ड्रॅगन आणि भुयारे मुलांना आवडतात, पण खेळाला ती लागतातच असे नाही. आमचे सध्याचे कॅम्पेन सतराव्या शतकाच्या अखेरीस माहीमच्या खाडीत घडते. ही खाडी तेव्हा सरहद्द होती: दक्षिणेला इंग्रजांची मुंबई आणि उत्तरेला, वांद्र्यापासून पुढे, पोर्तुगिजांची साष्टी. माहीम ते वांद्रे हा प्रवास रोज लोकलने करणाऱ्या मुलांना हे कळले तेव्हा त्यांना फार नवल वाटले होते. आमची पात्रे आहेत मिठाची पोती वाहणाऱ्या एका मचव्यावर, आणि त्यांतल्या एका पोत्यात गुप्त पत्र आहे. मचव्याचा नाखवा झाले आहेत परळच्या गिरणीतून निवृत्त झालेले, मूळचे वेंगुर्ल्याकडचे एक आजोबा. दुभाष्या आहे त्यांचा कॉलेजात शिकणारा नातू. आणि वैद्यीण आहे नववीतली एक मुलगी, जी वर्गात हाक मारल्याशिवाय तोंड उघडत नाही.

वांद्र्याच्या चौकीवर पहारेकऱ्याने मचवा अडवला. आता हे लोक लाच देतील, भांडतील किंवा रात्री गुपचूप निसटायचे ठरवतील, असे धरून मी तयारी केली होती. तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "बाई, त्याच्या हाताला काही लागलंय का, ते मी बघते." मी याचा विचारच केला नव्हता. मी म्हटले, लागले आहे, दोरखंडाने तळहात सोलवटला आहे. ती म्हणाली, "मग मी मिठाच्या पाण्याने धुऊन बांधून देते. मीठ दुसऱ्या पोत्यातलं घेते." पत्र पहिल्या पोत्यात होते, हे तिच्या बरोबर लक्षात होते. फाशावर तेरा किंवा जास्त हवे होते, पडले सहा. जखमेला मीठ झोंबले, पहारेकरी ओरडला आणि आतून आणखी दोघे धावत आले. मुलगी कावरीबावरी झाली. तेव्हा आजोबा नाखव्याच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "अरे, झोंबता म्हणजे गुण येता!" सगळे टेबल हसले, म्हणून मी पहारेकऱ्यालाही हसवले. आजोबांच्या या मदतीमुळे पहारेकऱ्याची समजूत काढताना तिला दोन फासे टाकून त्यांतला मोठा आकडा घ्यायची मुभा मिळाली. सतरा पडले. मचवा सुटला, पत्र सुटले आणि त्यानंतर ती मुलगी त्या दिवशी गप्प बसली नाही.

हा प्रसंग इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, या खेळाचा खरा गुण मला त्यात दिसतो. पत्र कुठल्या पोत्यात आहे हे तासाभरापूर्वी दुसऱ्याच कोणीतरी सांगितले होते. ते तिने ऐकले होते, म्हणून तिला ती युक्ती सुचली. आजोबांनी तिचे ऐकले होते, म्हणून त्यांना वेळेवर बोलता आले. मी ठरवून आणलेले सगळे बाजूला ठेवून मलाही तिचे ऐकावे लागले. या खेळात जो दुसऱ्याचे ऐकत नाही त्याला आपली पाळी आल्यावर काय करावे हे सुचतच नाही; त्याला शिक्षा होत नाही, पण त्याचा खेळ फिका पडतो आणि ते त्याच्या त्यालाच कळते. वर्गात 'लक्ष द्या' असे दिवसातून कितीतरी वेळा सांगणाऱ्या मला, न सांगता दिले जाणारे हे लक्ष फार मोलाचे वाटते. कॅरम, पत्ते, बुद्धिबळ हे खेळही मोबाइलविना खेळता येतात आणि ते चांगलेच आहेत, पण ते मुक्याने खेळता येतात. रोल-प्लेइंग खेळ बोलल्याशिवाय आणि ऐकल्याशिवाय पुढे सरकत नाही.

दुसरे म्हणजे या खेळात वयाची अडचण होत नाही. उलट, वेगवेगळ्या वयाची माणसे असली की टेबल रंगते. त्या आजोबांना हा खेळ समजावून द्यायला मला फार वेळ लागला नाही, कारण त्यांचे बालपण दशावतारी नाटके पाहण्यात गेले होते. दशावतारात संवादाची संहिता नसते. आख्यान कोणते, कोणी कोणते सोंग घ्यायचे आणि कथा कुठून कुठे न्यायची एवढे ठरलेले असते. बाकी सारे बोलणे नट रंगमंचावर उभ्या-उभ्या रचतात आणि समोरचा काय बोलला ते ऐकूनच आपले पुढचे वाक्य टाकतात. आजोबा पहिल्याच बैठकीत म्हणाले की, हे तर बसून केलेले दशावतारच आहे. मला हे म्हणणे तंतोतंत पटते. फरक इतकाच की इथे प्रेक्षक नसतात आणि कथेला कोणते वळण लागणार हे अधूनमधून फासा ठरवतो. लालबाग-परळ भागात कोकणातून आलेली किती कुटुंबे आहेत हे मी आपल्या वाचकांना सांगायला नको. त्या घरांतल्या वडीलधाऱ्या माणसांच्या अंगी ही हजरजबाबी कला अजून आहे, आणि नातवंडांना ती दिसेल अशी जागा मात्र घरात उरलेली नाही. आमच्या टेबलावर ती जागा मिळाली. इंग्रजी माध्यमात शिकणारा नातू आता भरती-ओहोटी, सुकाणू, नांगर, जकात हे शब्द सहज वापरतो, कारण ते वापरल्याशिवाय त्याच्या दुभाष्याला मचव्यावर वावरताच येत नाही.

खेळाचा इतिहासही थोडक्यात सांगते, कारण तो पालकांना ठाऊक असला तर या छंदाकडे पाहण्याची दृष्टी बदलेल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावर युद्धखेळ खेळले जात आणि निकाल देण्यासाठी एक पंच नेमलेला असे. असे युद्धखेळ पुढे हौशी लोकांकडे आले आणि त्या परंपरेतूनच अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' रचला. त्यात प्रत्येक खेळाडूकडे सैन्याऐवजी एकच माणूस आला आणि पंचाचा झाला डंजन मास्टर. १९७४ साली हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपात, पेटीत घालून विक्रीला आला; पहिल्या आवृत्तीच्या प्रती फक्त एक हजार होत्या. आज मुले मोबाइलवर ज्या 'लेव्हल'साठी तासन्‌तास घालवतात, ती लेव्हल, ते एक्सपिरियन्स पॉइंट (अनुभवाचे गुण) आणि ते हिट पॉइंट (पात्र किती मार सोसू शकते त्याचे गुण) यांचे मूळ बव्हंशी याच कागदी खेळात आहे. संगणकावरच्या खेळांनी ते इथून उचलले, पण इथले गेम मास्टर नावाचे माणूस आणि शेजारी बसलेले सवंगडी त्यांना उचलता आले नाहीत. संगणकाच्या खेळात पहारेकऱ्याच्या हाताची जखम आधीच कोणीतरी लिहून ठेवलेली नसेल तर तिची चौकशीच करता येत नाही. आमच्या टेबलावर ती एका मुलीच्या प्रश्नातून तयार झाली.

गणिताची शिक्षिका म्हणून एका गोष्टीवर थोडे अधिक बोलण्याची परवानगी असावी. या खेळांत चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे फासे वापरतात. वीस बाजूंच्या फाशाला, खेळाडूंच्या भाषेत डी-ट्वेंटीला, फार महत्त्व असते. त्यावर तेरा किंवा जास्त पडण्याची शक्यता वीसपैकी आठ, म्हणजे ४० टक्के. चौकीचा प्रसंग संपल्यावर त्या मुलीने मला विचारले की, दोन फासे मिळाले म्हणजे शक्यता दुप्पट, ८० टक्के झाली का? आम्ही तिथेच सतरंजीवर हिशेब मांडला. एका फाशावर अपयशाची शक्यता ६० टक्के. दोन्ही फाशांवर अपयश आले तरच डाव फसणार. साठ टक्क्यांचे साठ टक्के म्हणजे ३६. म्हणून यशाची शक्यता ६४ टक्के. संभाव्यतेचे प्रकरण दहावीच्या गणित भाग १ मध्ये आहे, ते या मुलीला अजून शिकायचे आहे. तरीही ८० आणि ६४ यांतला फरक तिला आता कोणी समजावून द्यायला नको, कारण तो तिला स्वतःच्या पात्रासाठी समजून घ्यायचा होता. फळ्यावर नाणे उडवून मी हे तिला इतक्या लवकर समजावू शकले नसते. आमच्या टेबलावर ताकद, चपळाई यांचे गुण मिळवताना, वजा करताना आणि सामानाचे वजन मोजताना मुले जेवढी तोंडी गणिते करतात, तेवढी ती गृहपाठात आनंदाने करताना मी पाहिलेली नाहीत.

फाशांचा विषय निघाला म्हणून पालकांच्या मनातल्या एका शंकेबद्दल बोलणे आवश्यक आहे. आपल्याकडे फासे म्हटले की सभापर्वातले द्यूत आठवते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले चौतिसावे सूक्त तर जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचेच आहे, आणि मोहेंजोदडोच्या उत्खननातही ठिपक्यांचे घनाकृती फासे सापडले आहेत, इतकी ही वस्तू आपल्या मातीत जुनी आहे. पण त्या सूक्तातली आणि त्या सभेतली हानी फाशाने केली नाही, फाशावर लावलेल्या धनाने केली. रोल-प्लेइंग खेळात काहीच लावलेले नसते; जिंकायला कोणाकडून काही घ्यायचे नसते. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि तिचे मी मनापासून स्वागत केले, कारण त्या खेळांनी पोखरलेली घरे शिक्षकांना जवळून दिसतात. त्या खेळांच्या रांगेत या खेळाला बसवणे अन्यायाचे होईल. दुसरी शंका भुताखेतांची असते. १९८० च्या दशकात अमेरिकेत काही पालकांनी आणि धार्मिक गटांनी हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो असा मोठा गहजब केला होता. त्या आरोपांत तथ्य आढळले नाही आणि आज त्याच देशात अनेक सार्वजनिक ग्रंथालये किशोरवयीन मुलांसाठी हे खेळ स्वतः भरवतात. तरीही मुलांसमोर काय यावे आणि काय येऊ नये याची काळजी घेणे रास्तच आहे, आणि त्याची सोय या छंदातच आहे. पहिल्या बैठकीआधी 'सेशन झिरो' नावाची एक बैठक घेतात. गोष्टीत कोणते विषय नकोत, रक्तपात किती असावा, कोणाला कशाची भीती वाटते, हे तिथे उघडपणे ठरते. टेबलावर फुली काढलेले एक कार्डही ठेवतात. कोणालाही एखादा प्रसंग नकोसा झाला तर त्याने फक्त त्या कार्डाला हात लावायचा. कारण विचारले जात नाही, प्रसंग बदलतो. माझ्या टेबलावर एका मुलाने वडील आजारी असताना या कार्डाला हात लावला होता. गोष्टीतला दवाखाना आम्ही तिथल्या तिथे गाळला आणि पुढे गेलो.

खर्चाबद्दलही लोकांचा समज चुकीचा आहे. परदेशी नियमपुस्तकांचा पूर्ण संच घ्यायला गेले तर काही हजार रुपये लागतात, रंगवलेल्या छोट्या पुतळ्यांची हौस केली तर त्याहून अधिक. परंतु यातले काहीच सुरुवातीला लागत नाही. सापशिडीच्या डब्यातले दोन साधे फासे पुरतात. दोन फासे टाकून बेरीज करायची: दहा किंवा जास्त आली तर मनासारखे झाले; सात ते नऊ आली तर झाले, पण काहीतरी किंमत मोजावी लागली; सहा किंवा कमी आली तर नवे संकट उभे राहिले. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी पहिला निकाल ६ जोड्यांत येतो आणि उरलेले दोन प्रत्येकी १५ जोड्यांत, म्हणजे बहुतेक वेळा गोष्टीत काहीतरी गुंता होतोच, आणि गुंता झाल्याशिवाय गोष्ट रंगत नाही. ही पद्धत आज अनेक छोट्या खेळांत वापरतात आणि एका पानात मावते. शिवाय 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्रकाशकांनी जानेवारी २०२३ मध्ये खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंग्रह क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. श्रेय देण्याची अट पाळून तो नियमसंग्रह कोणीही कोणत्याही भाषेत आणू शकतो. आमच्यासारखे काही जण गरजेपुरती टिपणे मराठीत काढून काम भागवतात. एखाद्या मराठी प्रकाशकाने किंवा साहित्यसंस्थेने हे काम नीट, संपादित स्वरूपात हाती घेतले तर मराठी शाळांतल्या मुलांना इंग्रजी पुस्तकाच्या धास्तीने या छंदापासून दूर राहावे लागणार नाही. हे काम व्हावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता मुंबईत सर्वांत अवघड असलेल्या गोष्टीकडे येते, ती म्हणजे जागा. बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची असे. तिच्यात पाच जणांनी तीन तास बसून मोठ्याने बोलणे शक्य नव्हते, पण बाहेर लांब सामाईक पॅसेज होता, आणि कॅरमपासून वाचनापर्यंत सगळे त्या पॅसेजमध्ये होई. पुनर्विकासाच्या टॉवरमध्ये घर मोठे झाले, मात्र तो पॅसेज गेला. तिथे आता लिफ्टसमोरची मोकळी जागा आहे आणि तिच्यात थांबायला मनाई आहे. शहरात बोर्ड गेमचे कॅफे निघाले आहेत, ते स्वच्छ आणि छान असतात, पण तासाचे पैसे आणि वर खाण्याचे पैसे हा खर्च माझ्या विद्यार्थ्यांच्या घरांना दर आठवड्याला झेपणारा नाही. काही जण संगणकावरून, व्हिडिओ कॉलवर हा खेळ खेळतात. परदेशी गेलेल्या मित्रासाठी ती सोय चांगली आहे, पण त्याच पडद्यापासून मुलांना थोडे दूर न्यावे म्हणून आपण हे सगळे करत आहोत. एका गृहनिर्माण संस्थेचा हॉल महिन्यातून दोन रविवारी दुपारी रिकामा असतो असे कळल्यावर आम्ही तो रीतसर भाडे देऊन मागितला होता. 'फासे खेळायला हॉल देता येणार नाही' असे उत्तर मिळाले. खेळ प्रत्यक्ष पाहायला या, अशी आम्ही विनंती केली. कोणी आले नाही. त्याच हॉलमध्ये बाकीचे दिवस मुले आपापले मोबाइल घेऊन भिंतीला टेकून बसलेली असतात, त्याला मात्र परवानगी लागत नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते.

आम्हाला लालबागचे घर मिळाले म्हणून आमचे चालले आहे. तिथेही रविवारच्या मेगाब्लॉकमुळे डोंबिवलीहून येणारी मुलगी कधी तासभर उशिरा पोचते, आणि तोवर तिचे पात्र 'मचव्याच्या तळाशी झोपले आहे' असे आम्ही ठरवून टाकतो. प्रत्येक मुलाला इतक्या लांब यावे लागू नये, आपल्या पायी अंतरावर त्याला असे टेबल मिळावे, असे मला वाटते. आणि ती जागा ग्रंथालय ही आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या १८९८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेपासून उपनगरांतल्या छोट्या सार्वजनिक वाचनालयांपर्यंत, आपल्या शहरात मराठी माणसांनी वर्गणी काढून उभारलेल्या वास्तू आहेत. सकाळी तिथे वर्तमानपत्रे वाचायला ज्येष्ठ नागरिक येतात. रविवारी दुपारी मात्र मुलांच्या विभागात बऱ्याच ठिकाणी शुकशुकाट असतो. ग्रंथालयात शांतता हवी हे मला मान्य आहे, म्हणून मी वाचनकक्ष मागत नाही. सभागृहाचा एक कोपरा, कपाटांमागची खोली किंवा गच्चीवरची शेड, महिन्यातून दोनदा, दुपारी तीन ते सहा, एवढेच पुरे. बदल्यात ग्रंथालयालाही काही मिळेल. आमच्या दुभाष्याने पोर्तुगिजांच्या काळाबद्दल वाचायला पुस्तके मागितली, त्या वैद्यीण मुलीला औषधी वनस्पतींची माहिती हवी झाली, आणि मलाही दर बैठकीआधी जुन्या मुंबईचे नकाशे धुंडाळावे लागतात. गोष्टीची तहान लागलेली मुले पुस्तकांच्या कपाटाजवळ असतील तर ती कपाटे उघडतीलच.

ग्रंथालयांच्या कार्यकारिणींना अडचण वाटू नये म्हणून काही गोष्टी आधीच स्पष्ट करते. प्रत्येक टेबलावर खेळ चालवणारी एक प्रौढ व्यक्ती असेल. अठरा वर्षांखालील मुलांच्या पालकांची लेखी संमती असेल आणि कोणत्याही पालकाला कोणत्याही वेळी येऊन बसता येईल. शक्य झाल्यास त्यांनी एक पात्र घेऊन खेळावेच. पैसे, बक्षिसे, स्पर्धा यांतले काही नसेल. मोबाइल दाराजवळच्या टोपलीत राहतील, आणि घरून तातडीचा निरोप आला तर तो ग्रंथालयाच्या दूरध्वनीवर यावा, एवढी सवलत आम्हाला हवी. बैठक संपल्यावर खुर्च्या जागच्या जागी लावण्याची जबाबदारी खेळाडूंची असेल. खेळ मराठीत होईल, ज्याला जी बोली येते त्या बोलीत होईल, आणि मराठी न येणाऱ्या शेजाऱ्याच्या मुलालाही त्यात सामावून घेतले जाईल.

येत्या दिवाळीच्या सुट्टीपासून सुरुवात करता येईल. असे टेबल द्यायची तयारी असलेल्या ग्रंथालयांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी आपल्या सूचना फलकावर तसे लिहावे आणि आपल्या दैनिकाकडे कळवावे. आपण ती यादी रविवारच्या अंकात छापलीत तर मी आणि माझे तीन-चार सहकारी पहिल्या काही बैठका विनामूल्य चालवून देऊ, आणि तिथल्याच एखाद्या पालकाला किंवा कॉलेजच्या विद्यार्थ्याला गेम मास्टर होण्याइतके तयार करून मग पुढच्या ठिकाणी जाऊ.

आपली नम्र,
एक शिक्षिका,
दादर (पश्चिम), मुंबई